वहिनी, मशीन बरोबर होती

वहिनी,

तुम्ही जाऊन सतरा दिवस झाले. आज दुपारी बाया आपापली कापडं परत न्यायला येणार आहेत. तुमच्या खोलीत मशीनच्या उजव्या हाताला गठडी आहेत, तुम्ही लावली होती तशीच. प्रत्येक खणाला मापाचं जुनं पोलकं बांधलेलं आणि वर चिठ्ठीवर तुमच्या तिरक्या अक्षरात नाव. आज सकाळी शालू ती उचलायला लागली तेव्हा मी तिला म्हटलं, थांब, आधी मला एक सांगायचंय. आणि सांगितलं. तुमच्या लेकीनं माझ्यापुढं वही आणून ठेवली.

"काका, हे मला एकटीला सांगून भागत नाही. लिहा. बाया आल्या की मी वाचून दाखवते."

म्हणून लिहायला बसलोय. लिहितोय मात्र तुम्हाला, कारण त्या बायांना लिहायची हिंमत अजून होत नाही.

जे वाक्य चौदा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं, ते सगळ्यात आधी लिहून टाकतो. ओव्हरलॉक तुम्ही निवडली ती बरोबर होती. चूक मशीनची नव्हती, तुमच्या हाताची नव्हती आणि निवडीची तर नव्हतीच. कोणाची होती ते पुढं येतंच. पण त्याआधी परभणीचा तो दिवस मला एकदा मनासारखा सांगू द्या. इतका चांगला दिवस माझ्या आयुष्यात फार वेळा आला नाही.

दादा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. सेलूतल्या आपल्या घराच्या ओट्यावर तुमची शिलाई चांगली चालायची. कापसाच्या जिनिंगवर जाणाऱ्या बाया यायच्या, पाटलाच्या लेकी यायच्या, भीमनगरच्या बाया यायच्या. त्या दिवसांत कोण कोणाच्या ओट्यावर बसतं याच्यावर गावाचं बारीक लक्ष असे. तुमच्याकडं माप घ्यायचा टेप एकच होता आणि तो सगळ्यांच्या खांद्यावरून फिरायचा. अडचण एवढीच होती की प्रत्येक पोलक्याच्या आतल्या कडा तुम्ही हातानं गुंफत होता. एका पोलक्यामागं तास जायचा. ओव्हरलॉक कड कापत जाते आणि कापता कापता तीन धाग्यांची वीण घालते, मग आतून दोरे निघत नाहीत. तशी मशीन घ्यायचं तुम्ही ठरवलंत. पैसे तुमचेच होते. मी फक्त सोबत यायचो होतो.

पण मी मास्तर पडलो. आठ दिवस आधीच मी शाळेत सांगून बसलो होतो की आमच्या घरी मोटरवरची मशीन येणार, गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जाईल.

दुकानात दोन मशीनी होत्या. एक मोटरवरची, सायीच्या रंगाची, तोंड दिसेल अशी चकचकीत. दुसरी पायडलची, काळपट हिरवी, कोपऱ्यात उभी. मी पहिलीसमोर जाऊन उभा राहिलो. दुकानदार चाचांनी आपल्याजवळचं एक जाड कडक कापड तिच्यात घातलं, बटण दाबलं, आणि वीतभर वीण अशी सरसर निघाली की मी म्हणालो, "वहिनी, झालं. हीच."

तुम्ही ते कापड हातात घेतलंत, उलटं केलंत, सुलटं केलंत आणि चाचांना परत दिलंत.

"हे तुमचं कापड तुमच्या मशीनला वळखतंय. माझं घालून बघा."

आणि काखेतलं गाठोडं सोडलंत. मला वाटलं होतं त्यात भाकरी आहे. निघाल्या चिंध्या! खणाची, पॉपलिनची, नायलॉनची, जुन्या इरकलीची, धुऊन धुऊन विरलेल्या परकराची. चाचांनी आधी चिंध्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी छताकडं पाहिलं.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारला होता की त्याच्या विरोधातला बंद होता, आज आठवत नाही. त्या काळात दोन्ही असायचे. बाजारभर शटरं खाली यायला लागली. चाचांनी आपलं शटर गुडघ्यापर्यंत ओढलं आणि म्हणाले, "मास्टर, अब दो-तीन घंटे कहीं जानेका नै. बैठो आरामसे." मी फटीतून रस्त्याकडं बघत बसलो. तुमचा चेहरा मात्र असा उजळला, की जणू हा बंद तुमच्या सोयीसाठीच ठेवला होता.

दोन्ही मशीनींवर एकेक चिंधी घालून झाली. कोरड्या विणीत मला तरी फरक दिसेना. मग तुम्ही म्हणालात, "चाचा, तांब्याभर पानी मिळंल का?"

"हौ हौ, क्यूं नै. प्यास लगी?"

"मला न्हाई. चिंध्यायला."

पुढचं दृश्य मी शंभर वेळा सांगितलं असेल आणि दर वेळी मीच जास्त हसलो. तुम्ही सगळ्या चिंध्या भिजवल्यात, पिळल्यात आणि शटरखालच्या फटीजवळ बसून दुकानाच्या पायरीवर आपटायला सुरुवात केलीत. नदीवर धुणं आपटतात तशा. चाचांनी कपाळाला हात लावला. "बाई, ये दुकान है, धोबीघाट नै!"

"मंग? तुमच्या मशीनीचं पोलकं काय कपाटात ठिवायचंय? आमच्या बाया दगडावर धुतेत. दगडावर टिकलं तर शिलाई."

आवाज ऐकून शटरखालून एक हवालदार वाकून आत बघायला लागला. बाहेर एवढा तणाव, आणि आत कोण काय आपटतंय, त्याला कळेना. "काय चाललंय आत?"

"कुछ नै साब," चाचा म्हणाले, "मशीन का इम्तिहान चालू है."

तुम्ही त्याला आतच बोलावलंत. "दादा, आलाच हायसा तर ह्ये वढा बरं जरा. आमच्या भावजींच्या हातात खडूपुरताच जोर हाय."

हवालदारानं काठी काखेत धरून चिंधी दोन्ही हातांनी ओढली. सायीच्या मशीनची वीण टरटर उसवली. हिरवीची ओढली, हलेना. त्यानं दात खाऊन ओढली. कापड फाटलं, वीण राहिली. "बाई, हीच घ्या," असं म्हणून तो बंदोबस्ताला निघून गेला. जाताना मिशीत हसत होता.

तरी मी हटून बसलो. मोटर, मोटर. तेव्हा तुम्ही पदरानं हात पुसत म्हणालात, "भावजी, ती दिसाया नवरीवानी हाय. पन मी नवरी बघाया न्हाई आले, सून बघाया आले. आन लाईट आपल्या गल्लीत पावन्यावानी येते. ती आली की शिवायचं, गेली की तिची वाट बघत बसायचं का?"

चाचा खुर्चीतच वाकून हसले. मला ते लागलं. मी म्हणालो, "घ्या तुमच्या मनानं. पण पस्तावाल." वहिनी, हा शब्द लक्षात ठेवा. तुम्ही तेव्हाच विसरलात, मी विसरलो नाही.

बसेस बंदच होत्या. आपण पॅसेंजरनं निघालो. लोखंडी स्टँड डब्याच्या दारात उभा केला आणि मशीनचं डोकं तुम्ही दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतलंत. गर्दी खच्चून होती. समोरच्या म्हातारीनं सरकून तुम्हाला जागा दिली, दुपट्याकडं मायेनं पाहिलं आणि विचारलं, "किती म्हैन्याचं हाय गं बाई?"

तुम्ही तोंडावरची सुरकुतीही हलू दिली नाहीत. "आजच झालंय, मावशे. परबनीत."

"आगं माय! आन आजच घिऊन निगालीस?"

"दुकानदार ठिवून घीना."

म्हातारीनं दुपट्याचं टोक उचललं, लोखंड पाहिलं आणि अशी काही हसली की तिच्या तोंडातलं पान बाहेर आलं. मग सेलू येईपर्यंत सारा डबा तुमचाच होता. बाया दुपट्यात डोकावत होत्या, तुम्ही धागा कुठून कसा जातो ते दाखवत होतात. दादा गेल्यावर तुम्हाला इतकं मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तुमच्या तोंडावर एक तेज होतं. स्वतःच्या हिमतीवर स्वतःला हवी ती वस्तू निवडून आणलेल्या माणसाचं असतं तसं. ते तेज मीच घालवलं. म्हणून सगळं इतकं लांबवतोय.

मशीन आली. तुम्ही हळदकुंकू वाहिलंत, शालूच्या शाळेच्या झग्याची कड पहिल्यांदा घातलीत. पायडलचा आवाज मोटरीपेक्षा गोड होता. हे मला तेव्हाच कळलं होतं, पण बोललो नाही.

आठ-दहा दिवसांनी रविवार होता. तुम्ही शालूला घेऊन धाग्याची रिळं आणायला बाजारात गेला होता. मी एकटा. मशीन समोर. तुम्ही इतक्या सहज चालवता, तर मास्तरला काय अवघड आहे, असं वाटलं. गठ्ठ्यावरचं एक लाल कापड उचललं. खरं सांगतो, चिंधीच समजलो होतो. पातं कड कापतं एवढं माहीत होतं, पण खाली दुमडलेलं कापड पात्यात येऊ नये म्हणून तुम्ही डाव्या हातानं सारखं सपाट करत असता, ते कधी पाहिलं नव्हतं. पायडलवर दोनदा पाय टाकले. वीण झकास निघाली. कापड उचललं तर खालची घडी कापली गेलेली. बोटभर लांब. आणि ती चिंधी नव्हती, बाही होती.

ते राधाबाईचं पोलकं होतं. जिनिंगवरच्या राधाबाईचं, भीमनगरच्या. लेकाच्या हळदीसाठी शिवायला टाकलेलं. त्याच्या कडा तुम्ही सकाळीच घालून ठेवल्या होत्या. मी माझी वीण उसवली, घडी घातली, गठ्ठ्यात मधोमध सारलं आणि ओट्यावर पेपर वाचत बसलो.

संध्याकाळी तुम्ही पोलकं उलगडलंत. तुमचा हात जागच्या जागी थांबला. "सकाळीच तर घातलं मी हे," एवढंच म्हणालात. मला वाटलं होतं, तुम्ही विचाराल आणि मी सांगेन. तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही मानूनच चाललात की हात तुमचाच घसरला. इथवरची माझी चूक भित्र्या माणसाची होती, ती कदाचित माफ झाली असती. पण मी पेपरातून मान वर काढून म्हणालो, "मी म्हणत होतो ना, ती दुसरी घ्या. पातंच बरोबर नाही हिचं."

वहिनी, तुमच्या तोंडावरचं तेज त्या क्षणाला गेलं.

तुम्ही लगेच उठलात आणि पोलकं घेऊन राधाबाईकडं निघालात. दिवस बरे नव्हते म्हणून मी सोबत आलो. तिच्या दारात तुम्ही सांगितलंत, "राधाबाई, माझी चूक हाय. मशीन नवी हाय, हात बसला न्हाई अजून." राधाबाईनं बाही पाहिली, तुमच्याकडं पाहिलं, आणि तिच्या मनात जे आलं ते तिच्या तोंडातून निघालं.

"वैनी, एवढ्या गठड्यात माजंच पोलकं घावलं व्हय कापायला?"

त्या दिवसांत या वाक्याचा अर्थ काय होता हे तिला माहीत होतं, तुम्हाला आणि मलाही. तुम्ही मान खाली घातलीत. "सकाळपतुर दे," म्हणालात. आणि मी चार पावलांवर उभा राहून माझ्या चपलेचा अंगठा बघत होतो. एका वाक्यानं दोन बायांच्या मधली ती भिंत पाडता आली असती. ते वाक्य माझ्याजवळ होतं.

पुढचं तुमचं. तुम्ही उरलेल्या खणातून विड्याच्या पानाचा आकार कापलात, कापलेल्या जागेवर बसवलात, कडेनं पिवळी पट्टी फिरवलीत, आणि एकाच बाहीवर दिसू नये म्हणून दुसरीवरही तसंच पान लावलंत. हळदीत राधाबाईच्या बाह्यांकडं सगळ्या बायांचे डोळे! आठ दिवसांत पहिली बाई आली, "वैनी, मला बी तसलीच पानाची बाही." त्या उन्हाळ्यात सेलूत लग्नाचं पोलकं म्हणजे पानाची बाही. मोंढ्यातल्या दुकानातला शिंपीही तुमची नक्कल करायला लागला, पण त्याचं पान पिंपळाचं दिसायचं. यावर तुम्ही किती हसायचात! राधाबाईही येत राहिली. पण खण टाकताना दर वेळी म्हणायची, "वैनी, मशीनवर नगा घालू, हातानंच गुंफा." चौदा वर्षं तुम्ही तिच्या पोलक्याच्या कडा हातानं गुंफल्यात. शेजारी मशीन उभी. मी ओट्यावर. यंदा संक्रांतीला नामांतर झालं, ती पेढे घेऊन आली, तुम्ही तिच्या हातावर तिळगूळ ठेवलात, दोघी गळ्यात पडून रडलात. त्या दिवशीही मी म्हटलं, आता सांगावं. पेढा खाल्ला आणि गप्प बसलो.

मी गप्प बसलो एवढंच असतं तर निदान लिहायला सोपं गेलं असतं. पण मला त्या वाक्याची चटक लागली. तुम्ही कुकर निवडलात, मी म्हणालो, "ओव्हरलॉकसारखं होईल." तुम्ही रंग सांगितलात, "ओव्हरलॉकचं आठवतंय ना?" सगळं घर हसायचं, तुम्हीही हसायचात. बारावीनंतर शालूला परभणीला कृषी विद्यापीठात होम सायन्सला घालायचं तुमच्या मनात होतं. फॉर्म आणला होतात. मी म्हणालो, "वहिनी, निवडीचं काम माझ्यावर सोडा." तुम्ही फॉर्म घडी घालून डब्यात ठेवलात. "भावजींना कळतंय. मला निवडता येत न्हाई." दुकानाच्या पायरीवर चिंध्या आपटणारी बाई हे म्हणाली, आणि मला त्यात माझा विजय वाटला. शालू इथंच डी.एड. झाली. चांगली मास्तरीण आहे. पण ती निवड माझी होती. तिची नव्हती, तुमचीही नव्हती.

शेवटच्या आठवड्यात मी तुमच्या उशाशी बसलो होतो. म्हटलं, "वहिनी, ते राधाबाईचं पोलकं..." तुमचे डोळे चमकले. "पानाचं? लय चालली ती बाही." आणि इतक्या आनंदानं हसलात की मला खोकला आला आणि मी पाणी प्यायला उठलो. तुमच्या आनंदात विरजण नको, असं मी स्वतःला समजावलं. खोटं आहे. भ्यालो.

आज सकाळी शालूला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, ती होम सायन्सवरून मला बोलेल. ती बोलली नाही. म्हणाली, "मी पण म्हणायची ना काका. 'आई, तू नको बोलूस, तुझी ओव्हरलॉक होते.' फॉर्म ठेवला त्या दिवशी मीच म्हटलं होतं. ते कुणी लिहायचं?"

ते मी लिहितोय. वहिनी, ते तिच्या तोंडून निघालं असलं तरी माझं आहे. शाळेत तीस वर्षं मी पोरांना काय शिकवलं देव जाणे, घरातल्या पोरीला मात्र हे शिकवलं. तुम्ही तिच्यावर रुसू नका.

ऊन ओट्यावर आलंय. बाया आल्या. शालू एकेक पान झालं की वहीतून फाडून आत नेते आणि मोठ्यानं वाचते. मगाशी आतून हसण्याचा असा लोट आला की रस्त्यावरचा टांगेवाला थबकला. कोणीतरी म्हणालं, "वैनी अशीच होती गं!" मग पुन्हा हसणं, कोणाला तरी ठसका लागला. तुमच्या खोलीत इतकं हसू बऱ्याच दिवसांनी झालं.

आता हसणं थांबलंय. शालूचा एकटीचा आवाज येतोय, सावकाश. म्हणजे बाहीपर्यंत आली. राधाबाई आत बसलीय, दाराशी, मला तिचा पदर दिसतोय. हे तिला माझ्या पाठीमागं ऐकायला लावणं म्हणजे पुन्हा चार पावलांवर उभं राहणं झालं.

वहिनी, लेखणी ठेवतो. आत जाऊन तिच्यासमोर बसतो.